ओसाकाला एक रात्र पुरत नाही, निवांत बघा

जपानला जाऊन आलेली आपल्या भागातली माणसं आता गल्लोगल्ली भेटायला लागलीत, निपाणीत, संकेश्वरात, बेळगावात तर विचारूच नका, पण कुणालाही विचारा ओसाकात काय बघितलं तर उत्तर ठरलेलं असतंय. किल्ला बघितला, ती पळणाऱ्या माणसाची मोठी लाइटची पाटी बघितली, तिथं फोटो काढले, आणि सकाळी बसनं क्योटोला. बहुतेक टूरवाले ओसाकाला एक रात्र देतात, ती पण टोकियो आणि क्योटोच्या मधली झोपायची जागा म्हणून. मला हे अजिबात पटत नाही, आणि व्हॉट्सअपवर प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावं म्हटलं.

माझी ताई आणि दाजी ओसाकाजवळ राहतात, दाजी तिकडं मशीनच्या कंपनीत आहेत. दिवाळी झाल्यावर नोव्हेंबरात आई-आप्पांना घेऊन आम्ही गेलो, त्यामुळं घाई अशी नव्हतीच, दाजींना सुट्टी असेल तेव्हा त्यांच्याबरोबर, नसेल तेव्हा आमचे आम्ही. आणि असं निवांत फिरल्यावर माझं एक मत पक्कं झालं. टोकियो हे सरकारचं शहर, क्योटो राजाचं, आणि ओसाका हे व्यापाऱ्यांचं आणि कारागिरांचं. तिथली निम्मी बघण्यासारखी ठिकाणं कुणा राजानं नाही तर लोकांनी आपल्या खिशातनं बांधलीत. आपण बाजारपेठेच्या गावातली माणसं, शाळा, वाचनालय, गणपती मंडळ सगळं लोकवर्गणीवर चालवत आलोय, त्यामुळं हे शहर आपल्याला लवकर कळतंय, फक्त ते त्या नजरेनं बघायला पाहिजे.

आधी थोडं शहर कसं आहे ते. विमान उतरतं ते कन्साई एअरपोर्टवर, तो समुद्रात भर घालून केलेल्या बेटावर आहे, 1994 साली सुरू झालेला. तिथनं नानकाई रेल्वेनं पुलावरून थेट नाम्बाला येता येतं. शहराची दोन टोकं धरा, उत्तरेला उमेदा आणि दक्षिणेला नाम्बा, त्याच्या थोडं खाली तेन्नोजी, आणि या तिन्हींना जोडणारी लाल रंगाची मिदोसुजी मेट्रो, ती 1933 पासनं चालू आहे. इकोका नावाचं एक कार्ड घ्या, त्यात पैसे भरा, मेट्रो, रेल्वे, ट्राम सगळीकडं चालतंय, प्रत्येक ठिकाणी तिकिटाच्या मशीनसमोर उभं राहायला नको. आणि सरकत्या जिन्यावर उजवीकडं उभं राहायचं, डावी बाजू घाईवाल्यांना सोडायची, टोकियोत याच्या बरोबर उलट असतंय.

आता किल्ला. बघायचाच, पण लोक बघतात तसा नको. लोक काय करतात, लिफ्टनं वर जातात, आठव्या मजल्यावरनं शहर बघतात, खाली येतात, आणि "आत तर सगळं सिमेंटचंच आहे की" म्हणून नाराज होतात. सिमेंटचं आहेच, मधला बुरूज 1931 साली काँक्रीटमधे बांधलेला आहे. पण तो कुणी बांधला हे जर माहीत असेल तर नाराजी जाते. मूळ किल्ला तोयोतोमी हिदेयोशी नावाच्या, तेव्हा जपान हातात असलेल्या सरदारानं 1583 पासनं बांधायला घेतला, 1615 च्या लढाईत तो पडला, मग ती जिंकलेल्या तोकुगावा या राज्यकर्त्या घराण्यानं तो नव्यानं बांधला, त्यांचा बुरूज 1665 ला वीज पडून जळाला, आणि त्यानंतर अडीचशे वर्षांहून जास्त काळ तिथं बुरूजच नव्हता. शेवटी ओसाकाच्या लोकांनी वर्गणी काढली आणि पंधरा लाख येन जमवून तो परत उभा केला, त्या काळातले पंधरा लाख! मला तरी यानंतर ते काँक्रीट खटकलं नाही.

पण खरं बघायचं आहे ते खाली, तटबंदी. आपण गडकिल्ले बघत वाढलेली माणसं, राजहंसगड, बेळगावचा किल्ला, पारगड, त्यामुळं दगड कसा बसवलाय इकडं आपला डोळा आपोआप जातो. इथं साकुरामोन दरवाजातनं आत गेलं की समोर एकच दगड उभा आहे, ताकोइशी म्हणतात, वजन अंदाजे 108 टन. तो ओकायामाकडच्या इनुशिमा बेटावरनं समुद्रातनं आणला. 1620 च्या दशकात, क्रेन नाही काही नाही. आप्पा तिथं बराच वेळ उभे राहिले, हात लावून बघितला, मग मला म्हणाले "याला जहाजात चढवला कसा असंल, ते आधी सांग." तोकुगावांनी देशभरातल्या सरदारांना तट वाटून दिलेले, अमकी भिंत तुझी, तमकी त्याची, आणि प्रत्येकानं आपला दगड दुसऱ्याच्यात मिसळू नये म्हणून त्यावर आपली खूण कोरली. त्या खुणा आजही दिसतात, गोल, त्रिकोण, बाण, काही अगदी पुसट. आवारात अशा खुणांचे दगड एके ठिकाणी मांडून पण ठेवलेत. खंदकाच्या कडेनं चालत गेलात तर काही ठिकाणी भिंत तीस मीटरच्या आसपास उंच आहे, आणि चुना नाही की सिमेंट नाही, दगडावर दगड. आणि गंमत अशी की हिदेयोशीचा मूळ किल्ला तोकुगावांनी मातीखाली गाडून टाकलेला, तो गाडलेला तट 1959 साली सापडला आणि 2025 पासनं तो बघायला खाली उतरता येतं. वरच्या बुरुजाच्या रांगेत वेळ कमी घाला पण हे चुकवू नका.

किल्ल्याकडनं नदीच्या कडेनं पश्चिमेला आलं की नाकानोशिमा नावाचं बेट लागतं, दोन प्रवाहांच्या मधे, लांबट. हे टूरवाल्यांच्या यादीत जवळजवळ नसतंच आणि मला ते सगळ्या शहराचं मन वाटतं. इथं आसपास सरदारांची गोदामं असायची, शेतसारा म्हणून गोळा झालेला तांदूळ देशभरातनं जहाजानं इथं यायचा आणि विकला जायचा. नदीपलीकडं दोजिमाला तांदळाचा बाजार होता आणि 1730 साली त्याला सरकारनं रीतसर मान्यता दिली. तिथं नुसता माल विकत नव्हते, पुढं येणाऱ्या तांदळाचा भाव आजच ठरवून सौदे व्हायचे, म्हणजे आज आपण ज्याला फ्युचर्स म्हणतो ते, आणि जगातला या प्रकारचा पहिला संघटित बाजार म्हणून त्याचं नाव घेतात. भाव दुसऱ्या गावांना कळवायला डोंगरावरनं झेंडे हलवून निरोप पाठवायचे, एकाचं बघून पुढच्यानं हलवायचा, असं. आमच्या आजोबांची निपाणीत तंबाखूची वखार होती, सौदा ठरायच्या वेळी हातावर रुमाल टाकून बोटं दाबत भाव करायची माणसं मी लहानपणी बघितलीत, त्यामुळं हे वाचताना मला तिथनं हलावंसंच वाटंना. आता त्या जागेवर तांदळाच्या दाण्याच्या आकाराचं एक स्मारक आहे, तादाओ आंदो या वास्तुकारांनी केलेलं, ते ओसाकाचेच. बघायला मिनिटभर लागतंय, लोक बाजूनं ऑफिसला निघून जातात.

त्याच बेटावर लाल विटांचा मोठा हॉल आहे, सेंट्रल पब्लिक हॉल, 1918 साली पूर्ण झालेला. हा इवामोतो एइनोसुके नावाच्या शेअर दलालानं शहराला दहा लाख येन देणगी देऊन बांधायला लावला. पुढं बाजारात त्याला मोठं नुकसान झालं, लोक म्हणाले दिलेल्यातले थोडे परत माग की, त्यानं मागितले नाहीत, आणि हॉल पूर्ण व्हायच्या आधीच 1916 साली त्यानं जीव दिला. ताईनं हे तिथं पायरीवर बसून सांगितलं तेव्हा आई कितीतरी वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली "दिलेलं परत मागायचं नाही हे खरं, पर जीव कशाला द्यायचा रे." संध्याकाळी त्या इमारतीला लाइट लावतात, विटा फार सुंदर दिसतात, पण मी म्हणेन दिवसा जा आणि गोष्ट माहीत करून जा. शेजारचं वाचनालय 1904 चं, ते सुमितोमो घराण्याच्या देणगीतलं, आणि लहान मुलांच्या पुस्तकांची एक इमारत आहे ती आंदो यांनीच शहराला दिली, 2020 साली. बघा, एका बेटावर किती देणगीदार.

देवळांचं सांगतो. शितेन्नोजी चुकवायचं नाही. 593 साली राजपुत्र शोतोकूनं बांधायला घेतलेलं, जपानमधल्या सगळ्यात जुन्या बौद्ध मंदिरांपैकी. आत्ताच्या मधल्या इमारती नव्या आहेत, 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जुन्या जळाल्या, 1963 ला परत बांधल्या, पण आराखडा तोच जुना, दरवाजा, पॅगोडा, मुख्य मंदिर, सगळं एका रेषेत. आणि ज्या चार देवांच्या नावानं हे मंदिर आहे ते आपल्याकडनंच गेलेले चार दिक्पाल. पूर्वेचा धृतराष्ट्र (कौरवांचा नव्हे, हा वेगळा), दक्षिणेचा विरूढक, पश्चिमेचा विरूपाक्ष आणि उत्तरेचा वैश्रवण म्हणजे आपला कुबेर. भारतातनं चीन, चीनमधनं कोरिया, आणि तिथनं इथपर्यंत. हे कळल्यावर आईचं त्या मंदिराशी नातंच बदललं, तोपर्यंत ती चप्पल कुठं काढायची एवढंच विचारत होती, नंतर प्रत्येक मूर्तीपुढं हात जोडून उभी.

हे मंदिर बांधायला कोरियातल्या बेक्चे राज्यातनं सुतार आणले होते आणि त्यांच्यातल्या एका घराण्यानं 578 साली सुरू केलेली कंपनी, कोंगो गुमी, ती पिढ्यानपिढ्या हेच देऊळ दुरुस्त करत आली, जळलं की बांध, वादळानं पडलं की बांध. 2006 साली ती एका मोठ्या बांधकाम कंपनीत गेली पण नाव चालू आहे, काम चालू आहे. चौदाशे वर्षं एकच धंदा. मी आप्पांना हे सांगितलं तर आप्पा म्हणाले "आपल्यात तिसरी पिढी दुकान टिकवंना."

एक टिप, जमलं तर महिन्याच्या 21 किंवा 22 तारखेला जा. त्या दिवशी मंदिराच्या आवारात बाजार भरतो, अगदी आपल्या आठवडी बाजारासारखा, ताडपत्री घालून जुनी भांडी, किमोनोचे तुकडे, हत्यारं, लोणची, सगळं मांडून बसलेले. आईनं तिथं एक छोटा निळा वाडगा घेतला आणि भाव पण केला, बोटांवर, भाषा नाही काही नाही. पश्चिमेच्या बाजूला एक दगडी तोरण आहे, 1294 चं, विषुवदिनाला संध्याकाळी सूर्य बरोबर त्यातनं मावळताना दिसतो म्हणून लोक मुद्दाम येतात.

दोतोनबोरी, म्हणजे ती पळणाऱ्या माणसाची पाटी जिथं आहे तो कालवा, तिथं तुम्ही जाणारच, मी सांगायची गरज नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा की हा कालवा पण यासुई दोतोन नावाच्या माणसानं आपल्या पैशानं 1612 ला खोदायला घेतला, तो युद्धात मेला, नातेवाइकांनी 1615 ला काम पूर्ण केलं आणि त्याचंच नाव कालव्याला राहिलं. ती पाटी ग्लिको नावाच्या खाऊच्या कंपनीची, पहिल्यांदा लागली 1935 ला, आत्ताची सहावी, 2014 पासनची. संध्याकाळी गर्दी एवढी असते की म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणार असाल तर सकाळी जा. तिथनं दोन मिनिटांवर होझेन्जी नावाची अरुंद बोळ आहे, दगडी फरशी, कंदील, आणि एका देवळात अचलनाथ या बौद्ध देवाची मूर्ती, जपानी लोक फुदो म्हणतात. लोक पळीनं तिच्यावर पाणी घालतात आणि नवस बोलतात, वर्षानुवर्षं पाणी पडून पडून मूर्तीवर हिरवं शेवाळ एवढं दाट चढलंय की नाक-डोळे दिसत नाहीत. आईनं तांब्यानं घालावं तसं दोन्ही हातांनी पाणी घातलं, बाजूची एक जपानी म्हातारी तिच्याकडं बघून हसली आणि स्वतःची पळी पुढं केली. त्या बोळात मी दोनदा परत गेलो.

खाण्याचं. ओसाकाला जपानचं स्वयंपाकघर म्हणत आलेत, आणि ताकोयाकी 1935 च्या सुमारास इथंच तयार झाली, ऑक्टोपसचा तुकडा घातलेले गरम गोळे, माझ्यासारख्या खाणाऱ्याला काही अडचण नाही. पण शाकाहारी माणसांनी नीट ऐका. बिनमांसाचं दिसतंय म्हणून ते शाकाहारी असत नाही, कारण रश्शाचं पाणीच वाळवलेल्या माशाचं असतं, उडोन (जाड शेवया) असो, सूप असो, ओकोनोमियाकीचं (कोबीच्या धिरड्याचं) पीठ असो. आई-आप्पा दोघं माळकरी, त्यामुळं ताईनं आधीच सगळं ठरवून ठेवलेलं, घरनं भाकरी आणि शेंगाचटणी डब्यात, बाहेर फळं, उकडलेली रताळी, आंबट आलुबुखारासारखं उमेबोशी घातलेला भाताचा गोळा, तो कुठल्याही छोट्या दुकानात मिळतो, त्याची पण पाठीमागची यादी फोनवर ट्रान्सलेट करून बघायची. इंडियन हॉटेलं आहेत, पण रोज तिथं जेवायचं असेल तर मग शेंगाचटणी जास्त न्या. कोम्बू म्हणजे समुद्री वनस्पतीचा धंदा ओसाकात मोठा, उत्तरेकडच्या होक्काइदोहनं जहाजं ती घेऊन इथं यायची, तिचा रस्सा पूर्ण शाकाहारी, तो सांगून करून घेता येतो.

आता ज्यासाठी खरंतर मी हे लिहायला घेतलं ते साकाइ. ओसाकाच्या दक्षिणेला लागून असलेलं वेगळं शहर, पण जायला ट्राम आहे, हानकाई, ओसाकात उरलेली एकच ट्राम. तेन्नोजीला चढायचं, गल्लीबोळातनं, लोकांच्या परसातल्या वाळत घातलेल्या कपड्यांच्या जवळनं ती खडखडत जाते, आप्पांना सगळ्या ओसाकात ती सगळ्यात जास्त आवडली. वाटेत सुमियोशी ताइशाला उतरा. हे शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माचं देऊळ, समुद्रप्रवासाच्या देवांचं, चार मुख्य मंदिरं, आत्ताच्या इमारती 1810 च्या, आणि पुढं लाल कमानीचा पूल, इतका उभा की चढताना कठडा धरावा लागतो. आवारात सहाशेच्या आसपास दगडी दिवे आहेत, माणसापेक्षा उंच, काही तर दोन माणसांएवढे, आणि ते दिलेत कुणी, तर जहाजमालकांनी, व्यापाऱ्यांच्या संघटनांनी, एकेका धंद्यानं मिळून, नावं कोरून. परत तेच बघा, वर्गणी.

साकाइ सुऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे हे आजकाल व्हिडिओ बघणाऱ्या सगळ्यांना माहीत असतंय. जपानमधले मोठमोठे आचारी इथलीच सुरी वापरतात. पण ही सुरी आली कुठनं? तंबाखूतनं! सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी जपानात तंबाखू नेला, आपल्याकडं पण त्यांनीच आणला. जपानी लोक तो बारीक, केसासारखा कापून छोट्या चिलमीत ओढायचे, आणि असं कापायला फार धारदार सुरी लागायची. साकाइच्या लोहारांनी ती करायला घेतली, ती एवढी नावाजली की तोकुगावा सरकारनं तिच्यावर 'साकाइ किवामे' असा शिक्का मारून देशभर विकायला लावली. त्याच हाताच्या कसबातनं पुढं स्वयंपाकाच्या सुऱ्या आल्या.

मी निपाणीचा. आमच्या गावाचं पोट तंबाखूवर भरलंय, वखारीतला खकाणा नाकात बसलेली माझी पिढी, शिंका देत देत अभ्यास केलेली. आमचा तंबाखू बिडीचा, तो कुटायचा, चाळायचा, कापायचा नाही. आणि सात समुद्रापलीकडं त्याच पानासाठी लोहारांनी अशी धार शोधून काढली की चारशे वर्षांनी जगभरातले आचारी ती घ्यायला रांग लावतात. पारंपरिक हस्तकलांच्या म्युझियममधे (ट्रामचं मियोकोकुजी-माए स्टेशन, तिथनं चालत) त्या जुन्या तंबाखूच्या सुऱ्या मांडून ठेवलेल्या आहेत, रुंद, जड. आप्पा काचेला नाक लावून बघत होते. आपल्याकडं तंबाखूनं किती घरं चालवली आणि वखारीत काम करणाऱ्या बायकांच्या छातीचं काय केलं हे दोन्ही मला माहीत आहे, म्हणून त्या काचेपुढं माझ्या मनात बरंच काही एकदम आलं.

सुरी कशी करतात ते पण जाणून घ्या. एकच माणूस सगळी करत नाही. एकजण मऊ लोखंडावर कडक पोलादाची पट्टी भट्टीत जोडून घडवतो, दुसरा फक्त धार लावतो, तिसरा मूठ बसवतो, आणि प्रत्येकजण आपल्या कामात आयुष्य घालवलेला. पारंपरिक सुरीची धार एकाच बाजूनं असते, दुसरी बाजू सपाट, त्यामुळं कापलेली चकती चिकटत नाही. दुकानात आम्ही ताईसाठी एक घेतली. दुकानदार म्हातारे होते, त्यांनी विचारलं नाव घालायचं का, आणि मग काही आखलं नाही, पेन्सिल नाही, सुरी लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवली, हातात बोटाएवढी छिन्नी आणि छोटी हातोडी, टिक टिक टिक टिक, एकेक ठोका म्हणजे अक्षराचा एकेक कणभर तुकडा, ओठ घट्ट मिटलेले, आणि चहा थंड व्हायच्या आत ताईचं नाव जपानी अक्षरात पोलादावर उमटलं. वरनं कापडानं पुसून, दोन्ही हातांत धरून, वाकून दिली. घेणार असाल तर दोन गोष्टी, ती चेक-इनच्या बॅगेतच ठेवायची, हातातल्या नाही, आणि कार्बन स्टीलची असेल तर वापरून झाली की लगेच धुऊन कोरडी पुसायची, आपल्या पावसाळ्यात एका रात्रीत गंज धरते.

साकाइतच निंतोकू राजाची म्हणून ओळखली जाणारी समाधी आहे, दाइसेन कोफुन, वरनं बघितली तर किल्लीच्या भोकाच्या आकाराची, भोवती पाण्याचे खंदक, लांबी जवळजवळ अर्धा किलोमीटर, पाचव्या शतकातली. 2019 ला युनेस्कोच्या यादीत आली. आत जाऊ देत नाहीत आणि जमिनीवरनं नुसती झाडीची टेकडी दिसते, त्यामुळं साकाइ महापालिकेच्या इमारतीच्या 21 व्या मजल्यावर जा, तिथनं निदान तिचा पसारा कळतो, आणि तिकीट नाही. जवळच शिमानोचं सायकल म्युझियम. गिअरच्या सायकलींवर ज्यांचं नाव असतं ते शिमानो साकाइचेच, 1921 ला सुरू झालेले, आणि लोहारांच्या, बंदूक करणाऱ्यांच्या गावात सायकलचे भाग होणं यात नवल ते काय.

बेळगावात उद्यमबागच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांचं वर्कशॉप आहे, त्यांच्यासाठी एक. ओसाकाच्या पूर्वेला हिगाशी-ओसाका आहे, हजारो छोट्या वर्कशॉपचं गाव, चार मशीन, सहा माणसं अशी. तिथल्या छोट्या कारखानदारांनी एकत्र येऊन एक उपग्रह करायचं ठरवलं आणि केला, मायदो-1, पन्नास किलोच्या आसपासचा, जानेवारी 2009 ला जपानच्या एच-टू-ए रॉकेटवरनं अवकाशात गेला, विजांचं निरीक्षण करायला. बघायला तिथं तसं काही नाही, पण दाजींनी एका रविवारी गाडीतनं त्या गल्ल्या दाखवल्या, शटर बंद, दारात भंगाराचे ट्रे, धातूच्या चिप्सचा तोच तेलकट वास, आणि मी मनात म्हणत होतो की आपल्या उद्यमबागच्या माणसांना एकदा इथं आणायला पाहिजे.

बाकीचं पटापट सांगतो. उंचावरनं शहर बघायचं असेल तर आबेनो हारुकास 300 मीटरची आहे, 2014 ची, पण मला उमेदा स्काय बिल्डिंग जास्त आवडली, 1993 ची, दोन इमारतींना वर जोडलेलं गोल छत आणि त्याच्या आधी मोकळ्या हवेत तिरका जाणारा सरकता जिना, सूर्यास्ताला जा. त्सूतेनकाकू मनोरा पहिला 1912 चा, युद्धात मोडला, दुसरा 1956 ला तिथल्याच दुकानदारांनी पुढाकार घेऊन बांधला, वर चढला नाही तरी चालतंय, खालची वस्ती बघा. लहान पोरं असतील तर काइयूकान मत्स्यालय, व्हेल शार्क आहे, आठव्या मजल्यावरनं टाकीभोवती फिरत खाली यायचं. पाऊस असेल तर तेनजिनबाशिसुजी, अडीच किलोमीटरच्या वर छत असलेला बाजार, त्याच्या उत्तर टोकाला एका म्युझियममधे नवव्या मजल्यावर जुन्या ओसाकाची एक अख्खी गल्ली घरांसकट बांधलेली आहे. इकेदाला कप नूडल्सचं म्युझियम आहे, आंदो मोमोफुकू यांनी 1958 साली तिथंच घरामागच्या शेडमधे इन्स्टंट नूडल शोधली. युनिव्हर्सल स्टुडिओच्या थीम पार्कात आम्ही गेलो नाही.

आणि नोव्हेंबरात असाल तर बुनराकू, बाहुल्यांचं नाटक, निप्पोनबाशीच्या नॅशनल थिएटरमधे. पूर्ण प्रयोग फार लांबतो, एका अंकाचं पण तिकीट मिळतं. एका बाहुलीला तीन माणसं. मुख्य माणूस डोकं आणि उजवा हात, दुसरा डावा हात, तिसरा पाय, आणि दहा वर्षं पाय, दहा वर्षं डावा हात केल्याशिवाय मुख्य होता येत नाही असं म्हणतात. बाजूला एक माणूस सगळ्या पात्रांचा आवाज एकटा काढतो, रडतो, ओरडतो, घाम गाळतो, त्याच्या शेजारी शामिसेन, म्हणजे तीन तारांचं वाद्य. भाषा एक शब्द कळली नाही, तरी बाहुलीनं मान खाली घातली तेव्हा आईनं पदर डोळ्याला लावला.

जायचं कधी? मार्चचा शेवट ते एप्रिलची सुरुवात चेरीसाठी, पण गर्दी आणि भाडी दोन्ही वर. जून-जुलैत पाऊस, ऑगस्टमधे दमट उकाडा, आपल्या कोकणाला लाजवेल असा. नोव्हेंबर बरा, थंडी सोसवणारी, झाडं लाल-पिवळी. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाताना एका दिवसात दोनच ठिकाणं धरा, चालणं फार असतंय, मेट्रोत पण जिने आणि बोगदे लांब, लिफ्ट असते पण ती शोधत जावं लागतं. बरीच म्युझियम आठवड्यात एक दिवस बंद असतात, ते आधी बघून घ्या. आणि टूरवाल्याकडनंच जाणार असाल तर बुकिंगच्या आधीच त्याला सांगा की ओसाकाच्या किमान तीन रात्री पाहिजेत आणि त्यातला एक अख्खा दिवस मोकळा, बस नको, गाइड नको, तेवढ्यात तेन्नोजीचं देऊळ, ट्राम, सुमियोशी आणि साकाइ आरामात होतंय, सकाळी नऊला निघालात तर अंधार पडायच्या आत हॉटेलवर.